अवयव पाडताना मुलं नेमकी कुठे अडकतात? (आठवी ते दहावी)

त्रिपदी, ठाणे

नौपाड्यात घरी आठवी ते दहावीचं गणित शिकवते. बरीचशी मुलं स्टेट बोर्डाची, सेमीतली. घोडबंदरकडून येणारी काही सीबीएसईची. शाळा, माध्यम, बोर्ड काहीही असो, घोडं एकाच जागी अडतं: वर्गत्रिपदीचे अवयव. तिथे अडलं की पुढचं सगळंच अडतं. आठवीत बैजिक राशींचे अवयव, नववीत बहुपदी, दहावीत वर्गसमीकरणं, सायन्स घेतलं तर अकरावीत लिमिट्स. सगळीकडे हेच लागतं. म्हणून हा धागा काढतेय. शिक्षक, पालक, मुलं, सगळ्यांनी लिहा. (वहीत एक्स असतो तिथे मी क्ष लिहितेय.)

क्ष² + ७क्ष + १२ दिलं की मुलं क्षणात (क्ष + ३)(क्ष + ४) लिहून मोकळी होतात. मग ६क्ष² + क्ष − १५ द्या. पेन थांबतं. "टीचर, गुणाकार किती घ्यायचा? उणे पंधरा की उणे नव्वद?" याचा अर्थ मुलाला नियम पाठ आहे, पण तो कुठून आला हे कुणी दाखवलेलं नाही. नियम असा: पहिला सहगुणक (क्ष² च्या आधीची संख्या) आणि स्थिरपद (क्ष नसलेलं शेवटचं पद) यांचा गुणाकार करा, तो ज्यांचा गुणाकार आहे आणि मधला सहगुणक ज्यांची बेरीज आहे अशा दोन संख्या शोधा. पण पहिल्याला शेवटच्याने गुणायचंच का? हे विचारणारं मूल मला फार आवडतं, आणि त्याला "तशी रीतच आहे" असं उत्तर मिळालं की वाईट वाटतं.

उत्तर शोधायला उलट्या बाजूने जावं लागतं. (३क्ष + ५)(२क्ष − ३) हा गुणाकार सावकाश करा. पहिलं पद ६क्ष². मधली दोन पदं: ३क्ष × (−३) म्हणजे −९क्ष, आणि ५ × २क्ष म्हणजे १०क्ष. शेवटी −१५. आता मधल्या दोन सहगुणकांचा गुणाकार बघा: −९ × १०. तो कशाकशातून झालाय? ३, −३, ५ आणि २ या चार संख्यांतून. पहिला सहगुणक ३ × २ आणि स्थिरपद ५ × (−३), यांच्यातही त्याच चार संख्या आहेत. चार संख्यांचा गुणाकार कशाही जोड्या लावून केला तरी तेवढाच, म्हणून −९ × १० आणि ६ × (−१५) दोन्ही −९०. कंसात कुठल्याही संख्या असोत, हे असंच होणार. बस, नियमाचं मूळ एवढंच आहे. फळ्यावर पाच मिनिटांचं काम, पण ते केलं की "पंधरा की नव्वद" हा प्रश्न पुन्हा येत नाही.

मला कळकळीने सांगायचंय ते हे: विस्तार आणि अवयव हे दोन वेगळे धडे म्हणून शिकवू नका. कंस सोडवण्याची गणितं आधी भरपूर, मग कधीतरी अवयव, असं झालं की मुलाला त्या दोन वेगळ्याच गोष्टी वाटतात. पहिल्या दिवसापासून एकाच पानावर डावीकडून उजवीकडे विस्तार आणि उजवीकडून डावीकडे अवयव करून घ्या. मधली दोन पदं एकत्र होऊन गेली, ती पुन्हा सुटी करायची, एवढंच तर अवयव पाडणं आहे.

दुसरी अडचण चिन्हांची. परवा एकीच्या वहीत हे होतं:

६क्ष² + १०क्ष − ९क्ष − १५
= २क्ष(३क्ष + ५) − ३(३क्ष − ५)

संख्या अगदी बरोबर शोधल्या होत्या. −३ कंसाबाहेर काढताना आतलं चिन्ह बदलायचं राहिलं, दोन कंस जुळले नाहीत. आणि तिने काय केलं? −३ च्या ओळीवर संशयच घेतला नाही. आपल्या संख्याच चुकल्या असं समजून १० आणि −९ खोडले आणि नव्वदच्या दुसऱ्या जोड्या शोधायला बसली. खोडरबराने कागद पातळ झाला होता. मी मुलांना सांगते, कंस "जवळजवळ" जुळताहेत, फक्त चिन्हाचा फरक आहे, तर संख्यांना हात लावू नका. बाहेर काढलेला उणे आत गुणून बघा: −३ × −५ म्हणजे +१५, आपल्याला हवे होते −१५. चूक तिथेच सापडते.

तुमच्याकडे मुलं कुठे अडतात?


कोपरखैरणेकर

ताई, अगदी योग्य वेळी धागा काढलात. मुलगा सीबीएसई नववीत. त्यांच्याकडे याला मिडल टर्म स्प्लिटिंग म्हणतात. रीत त्याला समजली आहे, पण वेळ फार लागतो. ९० च्या सगळ्या जोड्या १ × ९० पासून लिहीत बसतो. मी स्वतः कॉमर्सचा, मला यात फार मदत करता येत नाही. जोडी पटकन सापडायची काही युक्ती आहे का? पेपरात एका गणितावर दहा मिनिटं गेली तर बाकीच्यांचं काय?


पुस्तकवेडी, नेरूळ

वाचनखूण साठवली. "पंधरा की नव्वद" हा प्रश्न मी शाळेत असताना विचारला होता आणि ओरडा खाल्ला होता. आज उत्तर मिळालं.


त्रिपदी, ठाणे

@कोपरखैरणेकर, युक्ती आहे, आणि तिच्यात पाठांतर काही नाही. आधी फक्त चिन्हं बघायची. गुणाकार उणे असेल तर दोन संख्यांची चिन्हं विरुद्ध, म्हणजे आपण खरं तर दोघांतला फरक शोधतोय. गुणाकार अधिक असेल तर चिन्हं सारखी, म्हणजे खरीच बेरीज.

मग मधला सहगुणक लहान की मोठा ते बघायचं. गुणाकार −९० आणि मधला सहगुणक १, म्हणजे दोन संख्यांत फरक फक्त १ चा. संख्या अगदी शेजारच्या हव्यात, म्हणून ९० च्या वर्गमुळाच्या आसपास बघायचं. ९ चा वर्ग ८१, १० चा १००, म्हणजे ९ आणि १०. एका नजरेत. उलट मधला सहगुणक ४३ असता तर फरक मोठा, म्हणून टोकाकडून सुरुवात: ९० आणि १ मध्ये फरक ८९, ४५ आणि २ मध्ये ४३. सापडली. १ × ९० पासून सुरुवात करावी की मधून, हे मधला सहगुणक सांगतो.

संख्या मोठी असेल तर मूळ अवयव पाडून घ्यायचे. ९० = २ × ३ × ३ × ५. बेरीज किंवा फरक विषम हवा असेल तर एक संख्या सम आणि दुसरी विषम, म्हणजे २ हा एकटा अवयव कुठल्या तरी एकाच बाजूला. ९० ला याचा उपयोग नाही, कारण त्यात २ एकदाच आहे. पण ७२ किंवा १२० ला निम्म्या जोड्या न लिहिताच बाद होतात. १२० मध्ये २ तीनदा येतो आणि मधला सहगुणक विषम असेल तर ते तिन्ही एकाच संख्येत जायला हवेत: १ × १२०, ३ × ४०, ५ × २४, ८ × १५. एवढ्या चारच जोड्या बघायच्या. २ × ६०, ४ × ३०, ६ × २०, १० × १२ यांच्याकडे बघायचंसुद्धा नाही.


ऐरोली_लोकल

थोडा वेगळा सूर लावतो. मी इंजिनिअर आहे, भाच्याला शिकवतो. जोड्या शोधायच्याच कशाला? वर्गसमीकरणाचं सूत्र आहे ना! (अ, ब, क म्हणजे क्ष² चा सहगुणक, क्ष चा सहगुणक आणि स्थिरपद.) ६क्ष² + क्ष − १५ मध्ये ब² − ४अक = १ + ३६० = ३६१, वर्गमूळ १९. मुळं, म्हणजे राशी शून्य करणाऱ्या क्ष च्या किमती, (−१ + १९)/१२ आणि (−१ − १९)/१२, म्हणजे ३/२ आणि −५/३. झाले अवयव: (२क्ष − ३)(३क्ष + ५). कुठल्याही संख्येला चालतं, अंदाज नाही, चिन्हांचा घोळ नाही. प्रत्यक्ष कामात तर मुळं काय, कॉम्प्युटरच काढतो. मुलांचे तासन् तास या जोड्यांमध्ये घालवणं मला पटत नाही.


सीवूड्सची_आई

+१. आमच्याकडेही हाच वाद चालू असतो. नवरा सूत्राच्या बाजूचा, क्लासच्या मॅडम अवयवांच्या.


निवृत्त_मास्तर, ठाणे

ऐरोली_लोकल, तुमचं म्हणणं गणित म्हणून शंभर टक्के बरोबर आहे, तरी शिकवण्याचा क्रम म्हणून मला पटत नाही. सूत्र दहावीत येतं, अवयव आठवीत. आठवीतल्या मुलाला सूत्र दिलं तर ते त्याच्यासाठी नुसता मंत्र होईल, कारण ते सूत्रच मुळात अवयवांतून जन्मलेलं आहे.

ते कसं, हे सविस्तर लिहितो, कारण चाळीसेक वर्षं शिकवताना मला याचा आनंद कधी कमी झाला नाही. सूत्रामागची, गणिती श्रीधराचार्यांची रीत अशी: समीकरणाच्या दोन्ही बाजू पहिल्या सहगुणकाच्या चौपटीने गुणायच्या आणि दोन्हीकडे मधल्या सहगुणकाचा वर्ग मिळवायचा. श्रीधराचार्यांचं बीजगणित आज उपलब्ध नाही; ही रीत आपल्याला माहीत आहे ती भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात, म्हणजे ११५० च्या सुमाराला, ती त्यांच्या नावानिशी दिली म्हणून. का बरं चौपटीने? कारण तसं केलं की डावी बाजू पूर्ण वर्ग होते आणि अपूर्णांक मध्ये येत नाहीत.

तुमच्याच उदाहरणावर करू. ६क्ष² + क्ष − १५ ला २४ ने गुणा: १४४क्ष² + २४क्ष − ३६०. यातलं १४४क्ष² + २४क्ष म्हणजे (१२क्ष + १)² मधून १ कमी. तेव्हा पूर्ण राशी झाली

(१२क्ष + १)² − ३६१
= (१२क्ष + १)² − १९²
= (१२क्ष + २०)(१२क्ष − १८)
= ४(३क्ष + ५) × ६(२क्ष − ३)

चोवीसने गुणलं होतं, ते ४ × ६ समोर आलेच आहेत. ते काढून टाका, उरले ताईंचेच दोन कंस. बघा, तुमचं ३६१, तुमचं १९, सगळं इथे आहे. आणि काम कुणी केलं? दोन वर्गांच्या वजाबाकीच्या अवयवांनी. सूत्र हे अवयव पाडण्याचंच एकदा करून ठेवलेलं काम आहे.

मात्र तुमच्या म्हणण्यातला एक भाग मी नक्की उचलेन. जोड्या शोधायच्या आधी ब² − ४अक काढून बघणं ही फार चांगली सवय. नववीच्या मुलालाही ते जमतं. ती संख्या पूर्ण वर्ग असेल तर पूर्णांकात अवयव पडतात, नसेल तर पडत नाहीत. क्ष² + क्ष − १५ ला ती ६१ येते. ६१ पूर्ण वर्ग नाही. मग पंधराच्या जोड्या शोधत बसू नका, त्या मिळणारच नाहीत. मुलाचे हाल होतात ते बहुतेक वेळा "अवयव आहेत का" हेच माहीत नसताना शोधत राहिल्याने.


ऐरोली_लोकल

सर, चोवीसने गुणून दोन वर्गांची वजाबाकी, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मान्य, आठवीत सूत्र नको. भाच्याला आज रात्री हे दाखवतो. तरी दहावीत दोन्ही रीती येत असताना परीक्षेत सूत्रच वापरावं असं माझं मत कायम आहे.


त्रिपदी, ठाणे

@निवृत्त_मास्तर, सर, तुमच्यामुळे धाग्याचं सोनं झालं. आणि विवेचक, म्हणजे तेच ब² − ४अक, आधी काढायची सवय मीही लावते, विशेषतः हुशार मुलांना, कारण तीच जास्त हट्टाने शोधत बसतात.


चौकटराजा, वाशी

मी महापालिकेच्या शाळेत आठवीला शिकवतो. वर्गात साठच्या आसपास मुलं. तिथे मी तुकड्यांनी सुरुवात करतो. जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा यासाठी सगळ्यात बरा, वाकत नाही आणि फुकट मिळतो. तीन प्रकारचे तुकडे कापायचे: मोठा चौरस, म्हणजे क्ष गुणिले क्ष, लांब पट्टी, एक बाजू क्ष आणि दुसरी १, आणि छोटा चौरस, १ गुणिले १. पट्टीची लांबी मुद्दाम छोट्या चौरसांच्या पटीत ठेवायची नाही, नाहीतर मुलं पट्टी मोजून क्ष म्हणजे सहा असं ठरवून टाकतात.

मग सांगायचं: एक मोठा चौरस, पाच पट्ट्या, सहा छोटे चौरस घ्या आणि सगळे वापरून एक सलग आयत करा. मुलं आधी पाचही पट्ट्या एकाच बाजूला लावतात, मग सहा छोट्यांना जागाच राहत नाही. कुणीतरी तीन पट्ट्या उजवीकडे आणि दोन खाली लावतं, आणि कोपऱ्यात नेमकी तीन गुणिले दोनची जागा तयार होते. सहा चौरस तिथे बसतात. वर्गात जो आवाज होतो तो ऐकण्यासारखा असतो. आयताच्या बाजू: क्ष + ३ आणि क्ष + २. मी एक शब्दही न सांगता बेरीज पाच आणि गुणाकार सहा कशासाठी हे त्यांना हाताने कळलेलं असतं.

मग एक छोटा चौरस काढून घ्यायचा. पाच पट्ट्या, पाच चौरस. करा आयत. होत नाही. सरांनी सांगितलेला विवेचक इथे २५ − २० = ५, पूर्ण वर्ग नाही. मुलांना विवेचक हा शब्द माहीत नसतो, पण "या राशीचा आयत होत नाही" हे ती ठामपणे सांगतात.


त्रिपदी, ठाणे

@चौकटराजा, फार छान. मला एकच शंका आहे. अधिक चिन्हं असेपर्यंत तुकडे उत्तम. उणे पद आलं की तुकडे उलटे ठेवा, रंग बदला, एकावर एक ठेवून कापा, यात मूल मूळ गोष्टच विसरतं. म्हणून मी तुकडे दोन-तीन तासांपुरतेच ठेवते आणि लगेच दोन गुणिले दोनच्या चौकटीवर येते. चौकटीच्या चार घरांत ६क्ष², १०क्ष, −९क्ष, −१५ लिहायचं. प्रत्येक आडव्या ओळीतलं सामाईक डावीकडे, प्रत्येक उभ्या ओळीतलं वर. उणे चौकटीत सहज मावतं, आणि −३ बाहेर काढण्याचा तो घोळही टळतो, कारण कंस जुळवावेच लागत नाहीत.


चौकटराजा, वाशी

मान्य. उण्यासाठी मीही तुकडे वापरत नाही. पण पहिले तुकडे कुणी गाळू नयेत एवढंच म्हणणं.


दहावी_ब

नमस्कार. मी दहावीत आहे, ठाण्यातच. चौकटीची पद्धत बोर्डाच्या पेपरात लिहिली तर चालते का? आणि एक गणित अडलंय: √२क्ष² + ७क्ष + ५√२ = ०. वर्गमूळ असल्यावर गुणाकार कसा घ्यायचा?


निवृत्त_मास्तर, ठाणे

बाळा, चौकट बाजूला रफमध्ये कर. उत्तरपत्रिकेत "अवयव पद्धतीने सोडवा" असं असेल तर मधलं पद फोडल्याची ओळ, दोन-दोन पदांतून सामाईक काढल्याची ओळ आणि कंसांची ओळ स्पष्ट लिही. गणित भाग १ चा पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा असतो, या तीन ओळींना वेळ पुरतो. शेवटी दोन्ही मुळं लिहायला विसरू नकोस. कंसांपर्यंत येऊन थांबणारे खूप.

आता तुझं गणित. रीत तीच. √२ × ५√२ = ५ × २ = १०. बेरीज ७, गुणाकार १०, म्हणजे ५ आणि २.

√२क्ष² + ५क्ष + २क्ष + ५√२

पहिल्या दोनांतून क्ष काढलास: क्ष(√२क्ष + ५). आता २क्ष + ५√२ मधून काय काढायचं? इथेच सगळे थांबतात. २ म्हणजे √२ × √२ असं लिही. मग √२(√२क्ष + ५). कंस जुळला. (√२क्ष + ५)(क्ष + √२) = ०. म्हणजे क्ष = −५/√२ किंवा क्ष = −√२.

आणि एक गोष्ट दहावीतल्या सगळ्यांसाठी. २क्ष² + १४क्ष + २४ = ० असेल तर दोन्ही बाजूंना २ ने भागून क्ष² + ७क्ष + १२ = ० करता येतं, उजवीकडे शून्य आहे म्हणून. पण नुसत्या २क्ष² + १४क्ष + २४ या राशीचे अवयव विचारले असतील तर तो २ टाकून देता येत नाही. उत्तर २(क्ष + ३)(क्ष + ४). समीकरणं शिकल्यावर मुलं राशीतूनही तो २ गायब करतात. त्याच्याच उलट, ४क्ष² − ३६ चे अवयव (२क्ष + ६)(२क्ष − ६) लिहून थांबतात, दोन्ही कंसांत २ सामाईक आहे हे दिसूनसुद्धा. ४(क्ष + ३)(क्ष − ३) पर्यंत जायचं. सामाईक काही आहे का, हे सगळ्यात आधी बघितलं की दोन्ही घोळ टळतात.


दहावी_ब

समजलं सर! २ म्हणजे √२ × √२ हेच सुचत नव्हतं. थँक्यू.


कोपरखैरणेकर

त्रिपदीताई, तुमची वर्गमुळाच्या आसपास बघायची युक्ती काल मुलाला सांगितली. त्याने लगेच पुढचं गणित टाकलं समोर: क्ष³ − ७क्ष + ६. त्याने स्टेट बोर्डाच्या मित्राकडून संश्लेषक भागाकार (फक्त सहगुणक मांडून करायचा भागाकार) शिकून घेतलाय, आणि उत्तर (क्ष − १)(क्ष − ६) आलं. बाकी शून्य आली म्हणे. पुस्तकात वेगळं उत्तर आहे. पुस्तक चुकलंय का?


त्रिपदी, ठाणे

पुस्तक बरोबर आहे, आणि तुमच्या मुलाची चूक इतकी सुंदर आहे की ती मी यापुढे वर्गात मुद्दाम दाखवणार आहे.

राशीत क्ष² चं पद नाही. संश्लेषक भागाकारात त्याच्या जागी ० लिहावा लागतो. त्याने सहगुणक १, −७, ६ एवढेच घेतले असणार. १ ने भागताना: १ खाली, −७ + १ = −६, ६ − ६ = ०. बाकी शून्य आली, म्हणून संशय आला नाही. पण त्याने भागलं ते क्ष² − ७क्ष + ६ ला, दुसऱ्याच बहुपदीला! योगायोगाने तिचाही क्ष − १ हा अवयव आहे, कारण दोन्हीकडे सहगुणकांची बेरीज शून्यच येते.

बरोबर मांडणी १, ०, −७, ६. १ खाली; ० + १ = १; −७ + १ = −६; ६ − ६ = ०. भागाकार क्ष² + क्ष − ६, त्याचे अवयव (क्ष + ३)(क्ष − २). उत्तर (क्ष − १)(क्ष + ३)(क्ष − २).

बाकी तपासण्याबरोबर कोटीही, म्हणजे क्ष चा सगळ्यात मोठा घात, तपासायला सांगा. मूळ बहुपदीची कोटी ३, आणि दोन एकघाती कंसांचा गुणाकार केला तर क्ष² च्या वर काही येणारच नाही. न गुणताच चूक कळली असती. आणि क्ष ला १ देऊन किंमत शून्य येते का, हे अवयव सिद्धांताने आधी बघायचं: १ − ७ + ६ = ०. मग ठामपणे क्ष − १ घ्यायचा. सीबीएसईत लांब भागाकाराने करतात, तिथेही क्ष² च्या जागी ०क्ष² लिहून जागा राखायची.


तलावपाळी

गणितातला जाणकार नाही, पण ठाण्याचा म्हणून एक भर घालतो. ६१७४ या संख्येमुळे जगभर ओळखले जाणारे द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांचं माध्यमिक शिक्षण आपल्या ठाण्यात झालं. पुढे निवृत्तीपर्यंत देवळालीला शाळामास्तर. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, तेच पुन्हा करत राहा (उत्तर तीन अंकी आलं तर आधी ० लावून चार अंक करा). ६१७४ वर येऊन थांबता. ७६४१ − १४६७ = ६१७४. याचा अवयवांशी काही संबंध लागतो का?


निवृत्त_मास्तर, ठाणे

लागतो तर! उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड धरा. मोठी संख्या १०००अ + १००ब + १०क + ड, लहान १०००ड + १००क + १०ब + अ. वजाबाकी केली की

९९९(अ − ड) + ९०(ब − क)
= ९[१११(अ − ड) + १०(ब − क)]

सामाईक ९ बाहेर आला. म्हणजे सुरुवातीला कुठलीही संख्या घ्या, पहिल्याच पायरीनंतर तुम्ही ९ च्या पटीत असता आणि तिथून बाहेर पडत नाही. ६१७४ = ९ × ६८६. पडताळा: अ − ड = ६, ब − क = २; ६६६ + २० = ६८६. शिवाय उत्तर फक्त अ − ड आणि ब − क या दोन फरकांवर ठरतं. दोन्ही ० ते ९ मध्येच, त्यामुळे हजारो संख्या पहिल्या पायरीतच मोजक्या उत्तरांवर येतात. सगळ्या ६१७४ वरच का थांबतात हे तपासणं मग आवाक्यात येतं. आठवीतलं "सामाईक बाहेर काढा" एवढंच वापरलंय यात.


सीवूड्सची_आई

हे आज लेकीला दाखवणार. ती नेहमी विचारते याचा उपयोग काय म्हणून. मीही तिला एवढंच सांगत आले की ४८ × ५२ तोंडी करता येतं, ५० चा वर्ग उणे २ चा वर्ग, २४९६.


दहावी_ब

सर, एक शंका. दोन वर्गांच्या वजाबाकीचे अवयव पडतात, बेरजेचे पडत नाहीत, असं पाठ केलंय. मग मित्राने क्ष⁴ + ४ दिलंय आणि म्हणतो पडतात. तो मानखुर्दच्या होमी भाभा केंद्राच्या ऑलिम्पियाडची तयारी करतोय, त्यामुळे खोटं सांगत नसणार. ही तर क्ष² आणि २ यांच्या वर्गांची बेरीजच आहे ना?


त्रिपदी, ठाणे

मित्र बरोबर सांगतोय. क्ष² + ४ चे पडत नाहीत, हे तुझं पाठ केलेलंही बरोबर. पण क्ष⁴ + ४ मध्ये पूर्ण वर्ग करायला ४क्ष² कमी पडतंय. ते मिळव आणि लगेच वजाही कर. बाकीचं तूच कर आणि इथे लिही. जमलं तर पुढचा प्रश्न: १ पेक्षा मोठ्या कुठल्याही पूर्णांकाचा चौथा घात अधिक ४, ही संख्या मूळ असू शकते का?


दहावी_ब

क्ष⁴ + ४क्ष² + ४ − ४क्ष²
= (क्ष² + २)² − (२क्ष)²
= (क्ष² + २क्ष + २)(क्ष² − २क्ष + २)

गुणून बघितलं, बरोबर येतंय. क्ष³ ची पदं कटतात, क्ष² चीही कटतात.

दुसऱ्याचं उत्तर: नाही. लहान कंस क्ष² − २क्ष + २ म्हणजे (क्ष − १)² + १. क्ष एकपेक्षा मोठा असेल तर हा कंस कमीत कमी २, दुसरा त्याहून मोठा. म्हणजे संख्येचे एकपेक्षा मोठे दोन अवयव झाले, ती मूळ नाही. क्ष = २ ला २० = १० × २. क्ष = ३ ला ८५ = १७ × ५. फक्त क्ष = १ ला लहान कंस १ होतो आणि संख्या ५ येते, तेवढी एकच मूळ.